अपील करण्याआधी कोर्ट तपासा

(महिला सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



साथींनो, मी वकील नाही. तुमच्यासारखीच कार्यकर्ती आहे. बायकांसोबत कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज मी बोलणार आहे ती माझ्याच हातून झालेली एक चूक. ती सांगितली तर तुमच्यापैकी कुणाकडून तरी ती टळेल, एवढ्याचसाठी सांगते.

आमच्या केंद्रात एक मुलगी यायची. नाव सांगत नाही. दोन लेकरं, नवऱ्याने घराबाहेर काढलेलं. मला खाला म्हणायची. तिने स्वतःसाठी आणि मुलांसाठी महिना दहा हजार पोटगी मागितली होती. कोर्टाने साडेतीन हजार मंजूर केले. ती म्हणाली, "खाला, यात भाडंसुद्धा निघत नाही." मी म्हटलं, वरच्या कोर्टात जाऊ. तिचे वकील तालुक्याचे, भले माणूस, फीसाठी कधी अडवलं नाही. पण त्यांचं आयुष्य मॅजिस्ट्रेट कोर्टात गेलेलं. मॅजिस्ट्रेटच्या पोटगीच्या आदेशाविरुद्ध सेशन कोर्टात रिव्हिजन करायची, ही त्यांची सवय. त्यांनी तशी केली. मुदतीत केली. अर्जाला नंबर पडला, नोटीस निघाली. आम्ही खूश.

नवऱ्याने नोटीस घ्यायला चार महिने लावले. मग तारखा. अकराव्या महिन्यात त्याचे वकील उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले: हा आदेश मॅजिस्ट्रेटचा नाही, फॅमिली कोर्टाचा आहे, त्याविरुद्ध रिव्हिजन फक्त हायकोर्टात होते. न्यायाधीशांनी आदेशाचं पहिलं पान बघितलं आणि अर्ज फेटाळला. पाच मिनिटं लागली नसतील.

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "खाला, कोर्ट कोर्टच ना? यांच्याकडे होत नाही तर यांनीच कागद पुढे पाठवायचा ना?"

तिचं विचारणं चुकीचं नव्हतं. आपण माहिती अधिकाराचे अर्ज करतो. तिथे अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. कोर्टाचं तसं नाही. चुकीच्या कोर्टात गेलेलं प्रकरण फेटाळलं जातं, किंवा फार तर कागद परत मिळतात. पुढचं दार आपणच शोधायचं, आणि मुदत तोवर आपल्यासाठी थांबत नाही.

फॅमिली कोर्टाचं नाव त्या आदेशाच्या पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. मी तो आदेश निदान दहा वेळा हातात घेतला होता. रक्कम वाचली, तारीख वाचली. ती ओळ वाचली नाही.

नंबर पडला म्हणजे अधिकार आला असं नाही

आपल्याकडे एक समज आहे: कोर्टाने अर्ज घेतला, नंबर दिला, तारीख दिली, म्हणजे ते कोर्ट बरोबरच असणार. तसं नसतं. दाखल करून घेणारा कर्मचारी कागद, स्टँप, सह्या बघतो. त्याच्या नजरेतून चूक सुटू शकते. खरा प्रश्न असतो, या कोर्टाला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? उत्तर सापडलं नाही तर अधिकार नाही.

दुसरा समज: समोरच्याने हरकत घेतली नाही तर चालतं. तेही सरसकट खरं नाही. मुळातच ज्या कोर्टाला तो विषय ऐकण्याचा अधिकार नाही, त्याला दोन्ही पक्षांनी मिळूनही तो देता येत नाही. तुम्ही गप्प, तो गप्प, पाच वर्षं खटला चालला, निकाल तुमच्या बाजूने लागला, तरी तो निकाल नंतर कागदाचा तुकडा ठरू शकतो.

अपील हा असा हक्क आहे की तो कायद्याने दिला तरच असतो, आणि कायदा सांगेल त्याच कोर्टात असतो. म्हणून अपिलाचा विषय निघाला की मी आता चार प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: आदेश कोणी दिला?

आधी बघा, तो देणारा कोर्ट तरी आहे का? आपल्याकडे बायका एखाद्या दारुल कझाचा किंवा जमातीच्या पंचांचा कागद घेऊन येतात आणि विचारतात, "याच्यावर अपील कुठे करायचं?" त्याच्यावर अपील नसतं. विश्वलोचन मदन यांच्या याचिकेवर ७ जुलै २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दारुल कझाला कायद्याने कोर्टाचा दर्जा नाही आणि फतवा कोणावर बंधनकारक नाही. म्हणजे त्या कागदाने तुमचा हक्क गेलेला नाही. तुम्हाला अपील करायचंच नाही, थेट पहिल्या कोर्टात स्वतःचा अर्ज करायचा आहे. कितीतरी बायका "आमचा निकाल लागला" असं समजून घरी बसतात. त्यांना हे आधी सांगा.

कोर्टाचा आदेश असेल तर पहिली ओळ वाचा. मॅजिस्ट्रेट? दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर? जिल्हा न्यायालय? की फॅमिली कोर्ट, म्हणजे कौटुंबिक न्यायालय? फॅमिली कोर्ट कायदा १९८४ चा. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ते स्थापन करणं सरकारवर बंधनकारक आहे, इतर ठिकाणी सरकारला गरज वाटेल तिथे. म्हणून एका गावच्या बहिणीचं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे चालतं आणि दुसऱ्या गावच्या बहिणीचं फॅमिली कोर्टात. दोघींची तक्रार तीच, दोघींचा पुढचा रस्ता वेगळा.

दुसरा प्रश्न: कोणत्या कायद्याखाली?

एकाच बाईची चार प्रकरणं चार कायद्यांखाली चालू असू शकतात. तिच्या पिशवीत सगळे कागद एकत्र असतात. आपण ते वेगळे करायचे.

पोटगीचं कलम १२५ आपल्याला पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. तलाक झालेल्या मुस्लिम बाईला या कलमाखाली जाता येतं का, यावर खूप वाद झाले. ४ डिसेंबर २००९ रोजी शबाना बानो खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्री दुसरं लग्न करेपर्यंत फॅमिली कोर्टात १२५ खाली अर्ज करू शकते. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातून आलेल्या मोहम्मद अब्दुल समद खटल्यात ते पुन्हा ठाम केलं: १२५ चा दरवाजा सगळ्या बायकांसाठी आहे, आणि १९८६ च्या कायद्याने तो बंद झालेला नाही. तेव्हा "तुमच्या धर्मात हे कलम लागत नाही, तुमचं कोर्ट वेगळं" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

१९८६ चा मुस्लिम महिलांचा घटस्फोटानंतरच्या हक्कांचा कायदा वेगळा आहे. त्यात कलम ३ खाली मेहेर, सामान, इद्दतीची पोटगी आणि पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद मागता येते. तो अर्ज मॅजिस्ट्रेटकडे होतो.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आणखी वेगळा. आणि स्त्रीला स्वतःला विवाहातून मोकळं व्हायचं असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा. तो दावा फॅमिली कोर्ट असेल तिथे फॅमिली कोर्टात, नसेल तिथे दिवाणी कोर्टात.

आदेशात कलम लिहिलेलं असतं. त्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारा.

तिसरा प्रश्न: अपील, रिव्हिजन की त्याच कोर्टात अर्ज?

बोलताना आपण सगळ्यालाच अपील म्हणतो. कायद्यात ते वेगवेगळं आहे, आणि त्याप्रमाणे कोर्ट आणि मुदत बदलते. मी सांगते ते लिहून घ्या.

मॅजिस्ट्रेटने पोटगीचा अंतिम आदेश दिला असेल तर त्याविरुद्ध रिव्हिजन. ती सेशन कोर्टात करता येते किंवा हायकोर्टात. मुदत ९० दिवस. पण लक्षात ठेवा, एका माणसाला एकच संधी. सेशन कोर्टात रिव्हिजन करून हरलात तर तीच रिव्हिजन घेऊन पुन्हा हायकोर्टात जाता येत नाही. मग उरतात ते वेगळे आणि अवघड मार्ग. म्हणून कुठे जायचं हा निर्णय घाईत घ्यायचा नाही. १९८६ च्या कायद्यात अपिलाची वेगळी तरतूद नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटच्या त्या आदेशाविरुद्धही रिव्हिजनचाच विचार करावा लागतो.

पोटगीचा तोच आदेश फॅमिली कोर्टाने दिला असेल तर त्याविरुद्ध अपील नाही. फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १९ मध्ये तसं लिहिलं आहे. तिथे हायकोर्टात रिव्हिजन. माझी चूक झाली ती नेमकी इथे.

फॅमिली कोर्टाने लग्न मोडण्याचा, मुलांच्या ताब्याचा असा अंतिम निकाल दिला असेल तर हायकोर्टात अपील. ते दोन न्यायाधीशांपुढे चालतं. कायद्यात मुदत ३० दिवस लिहिली आहे. कुणी दुसऱ्या कायद्याचा आधार देऊन ९० सांगितले तरी आपण तीसच धरून चालायचं. दोघांच्या संमतीने झालेल्या निकालाविरुद्ध मात्र अपील नाही. म्हणून समझोत्यावर अंगठा देण्याआधी बाईला हे नीट सांगा.

हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटने दिलेल्या आदेशाविरुद्ध सेशन कोर्टात अपील, कलम २९, मुदत ३० दिवस. हे दिवस आदेश बजावला गेल्यापासून मोजतात.

दिवाणी न्यायाधीशाच्या निकालाविरुद्ध पहिलं अपील दाव्याच्या रकमेप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा थेट हायकोर्टात. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. ही रकमेची मर्यादा कायद्यात वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून जुन्या माहितीवर जायचं नाही, दाखल करण्याच्या दिवशी लागू असलेली मर्यादा विचारायची.

आणि कधीकधी वर जायची गरजच नसते. आदेश त्या वेळी ठीक होता, पण नंतर मुलं मोठी झाली, आजारपण आलं, नवऱ्याचा पगार वाढला, तर ज्या कोर्टाने पोटगी दिली तिथेच ती वाढवून मागता येते. जुनं कलम १२७, नवं १४६. आदेशच चुकीचा आहे की परिस्थिती बदलली आहे, हे आधी ठरवा. त्यावर कोर्ट ठरतं.

शाहबानोंचा खटला आपण सगळे त्याच्या राजकारणासाठी आठवतो. मी त्याची पायरी-पायरी मुद्दाम सांगते. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इंदूरच्या मॅजिस्ट्रेटकडे १२५ खाली अर्ज केला आणि महिना ५०० रुपये मागितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये पोटगी मंजूर केली. पंचवीस! त्या थांबल्या नाहीत. मध्य प्रदेश हायकोर्टात गेल्या, अपील घेऊन नव्हे, रिव्हिजन घेऊन. जुलै १९८० मध्ये रक्कम १७९ रुपये २० पैसे झाली. त्यावर नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला निकाल आला. साठी ओलांडलेली ती बाई प्रत्येक पायरीला योग्य दारात उभी होती. एखादी पायरी चुकली असती तर त्या निकालाला आणखी किती वर्षं लागली असती, विचार करा.

चौथा प्रश्न: कोणत्या गावचं कोर्ट?

कोर्टाचा प्रकार कळला तरी ठिकाण उरतं. पहिला अर्ज करताना बाईला बऱ्यापैकी सवलत आहे. पोटगीसाठी ती स्वतः राहते तिथे, नवरा राहतो तिथे किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे अर्ज करता येतो. हिंसाचाराच्या कायद्यात ती तात्पुरती माहेरी राहत असली तरी तिथलं मॅजिस्ट्रेट कोर्ट चालतं. अपिलाला मात्र ही निवड नाही. खालच्या कोर्टाचा जिल्हा वरचं ठिकाण ठरवतो.

मुंबई हायकोर्ट म्हणजे फक्त मुंबई नाही. विदर्भाचे जिल्हे नागपूर खंडपीठाकडे. मराठवाडा, शिवाय अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार, जळगाव हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. गोव्यासाठी तिथलं खंडपीठ. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आता तिकडे जातात. त्याआधी ते मुंबईला जात होते.

मालेगाव आणि धुळे, तासाभराचा रस्ता. एकीकडची मुलगी दुसरीकडे दिलेली, हे घरोघरी आहे. पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात, म्हणून तिथलं हायकोर्टाचं काम मुंबईला. धुळ्याचं संभाजीनगरला. सोलापूर आणि तुळजापूर शेजारी. सोलापूरचं कोल्हापूरला, तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात म्हणून संभाजीनगरला. बाई आज कुठे राहते यावर हे ठरत नाही, आदेश कोणत्या जिल्ह्यातल्या कोर्टाने दिला यावर ठरतं.

कायदा बदलला की दारही बदलतं

तुमच्यातले काही जण मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानाच्या जागांसाठी लढता. तुमच्यासाठी एक उदाहरण. वक्फच्या मालमत्तेतल्या भाडेकरूला बाहेर काढायचं तर कुठे जायचं? आंध्र प्रदेशातल्या रमेश गोबिंदराम खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा दावा दिवाणी कोर्टात चालेल, वक्फ ट्रिब्युनलला तो अधिकार नाही. ट्रिब्युनलमधून मिळालेले आदेश त्यामुळे टिकले नाहीत. मग २०१३ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तो अधिकार ट्रिब्युनलला दिला. म्हणजे तीन-चार वर्षांत दार दिवाणी कोर्टाकडे गेलं आणि परत आलं.

वक्फ ट्रिब्युनलच्या निकालावर पूर्वी अपील नव्हतं, हायकोर्ट फक्त रेकॉर्ड मागवून तपासू शकत होतं. २०२५ च्या दुरुस्तीने आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत हायकोर्टात अपील ठेवलं. त्या दुरुस्तीतल्या काही तरतुदींना सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम स्थगिती दिली आहे, मुख्य वाद चालू आहे. म्हणून गेल्या वर्षीच्या प्रकरणाची झेरॉक्स काढून नवीन प्रकरण करू नका. ज्या दिवशी दाखल करायचं, त्या दिवशीचा कायदा बघा. आणि संस्था वक्फ बोर्डाकडे नोंदलेली आहे की धर्मादाय आयुक्तांकडे, हे तर सगळ्यात आधी बघा. त्यावर सगळा रस्ता फिरतो.

चूक झालीच तर?

चूक झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. घाबरून घरी बसू नका.

मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात कलम १४ आहे. अधिकार नसलेल्या कोर्टात तुम्ही प्रामाणिकपणे आणि काळजीपूर्वक प्रकरण चालवत असाल तर तो वेळ मुदतीतून वगळता येतो. हे कलम दावे आणि अर्जांसाठी आहे. अपिलाला कलम ५, म्हणजे उशिराचं पुरेसं कारण दाखवून माफी मागायची. त्यातही कलम १४ चं तत्त्व कोर्ट लक्षात घेतं. पण दोन्हीकडे कोर्ट एकच गोष्ट बघतं: तुम्ही प्रामाणिक होता का, आणि चूक कळल्यावर लगेच हललात का? चूक कळूनही दोन महिने कागद पिशवीत राहिला तर त्या दोन महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा, आणि आधीचा अर्ज कधी केला, तारखा कधी पडल्या, कधी फेटाळला हे सगळं लिहून ठेवा.

चुकीच्या कोर्टाचे प्रकारही सारखे नसतात. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान हा १९५४ चा निकाल वकिलांना तोंडपाठ असतो. बिहारमधला जमिनीचा दावा, वादींनी स्वतःच किंमत २,९५० रुपये लावली. हरले, जिल्हा न्यायालयात अपील केलं, तिथेही हरले. हायकोर्टात गेल्यावर किंमत ९,९८० रुपये ठरली. मग तेच वादी म्हणू लागले, एवढी किंमत असेल तर आमचं पहिलं अपील थेट हायकोर्टातच जायला हवं होतं, जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्द समजा आणि आमचं सगळं पुन्हा ऐका. सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुळात अधिकार नसलेल्या कोर्टाचा निकाल शून्य असतो आणि ती हरकत केव्हाही घेता येते. दोन, पण दाव्याची किंमत कमी लावली एवढ्या तांत्रिक चुकीने निकाल उलटत नाही, त्यामुळे खरोखर अन्याय झाला हे दाखवावं लागतं. स्वतः निवडलेल्या कोर्टात हरल्यावर कोर्टच चुकीचं म्हणता येत नाही. ठिकाणाची हरकतही अशीच, ती पहिल्या संधीलाच घ्यावी लागते.

याचा अर्थ आपल्यासाठी सोपा आहे. नोटीस आपल्या बाईला आली असेल आणि ठिकाण चुकीचं वाटत असेल तर पहिल्याच तारखेला बोला. नंतर ते ऐकलं जाणार नाही.

खात्री कशी करायची

आदेशाची सर्टिफाईड नक्कल लगेच मागा. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो, पण त्यासाठी अर्ज केलेली तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख तिच्यावर असावी लागते. ती बघून घ्या. अर्जच उशिरा केला तर आधी गेलेले दिवस भरून निघत नाहीत.

प्रकरणाचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर बाईच्या वहीत लिहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की प्रकरण कोणत्या कोर्टात आहे आणि पुढची तारीख कोणती, हे दिसतं.

वकिलाला विचारायला लाजू नका. भांडायचं नाही, अदबीने विचारायचं: "साहेब, हे याच कोर्टात चालेल असं कोणत्या कलमात आहे? तेवढं या कागदावर लिहून द्याल का?" चांगला वकील रागावत नाही. उलट तो पुन्हा एकदा पुस्तक उघडतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. माझ्या त्या भल्या वकिलांना मी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनीही उघडलं असतं.

आणि पैसे नाहीत म्हणून दुसरं मत घ्यायचं राहू देऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हायकोर्टासाठी वेगळी समिती असते. फोन नंबर १५१००. हायकोर्टात जायचं म्हटलं की आपल्या बायका खर्चाच्या भीतीने माघार घेतात आणि जवळचं कोर्ट बघू म्हणतात. चुकीच्या कोर्टात जाण्याचं हेही एक कारण आहे. जवळचं आहे म्हणून ते कोर्ट बरोबर ठरत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणार. आम्ही हायकोर्टात गेलो. उशीर माफ झाला. पोटगी वाढली. पण आमचे अकरा महिने सेशन कोर्टाच्या बाकावर गेले होते. त्या काळात तिची मोठी मुलगी नववीत होती. शाळेचा आणि प्रवासाचा खर्च जमेना, म्हणून ती घरी बसली. पोटगी वाढली तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. कायद्याने उशीर माफ केला. त्या मुलीचं वर्ष कोणत्या कलमाखाली परत मिळणार?

ती पुढच्या वर्षी पुन्हा शाळेत गेली, हे सांगायला मला आनंद होतो. पण ते तिच्या आईच्या जिद्दीमुळे, माझ्यामुळे नाही.

म्हणून आमच्या केंद्राच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवला आहे. तुम्हीही चिकटवा. आदेश कोणी दिला? कोणत्या कलमाखाली? अपील, रिव्हिजन की त्याच कोर्टात अर्ज? कोणत्या जिल्ह्याचं कोर्ट, आणि मुदत कोणत्या तारखेला संपते? सगळी उत्तरं लिहिल्याशिवाय आमच्याकडे वकीलपत्रावर सही होत नाही. अर्धा तास लागतो. आमचे अकरा महिने गेले होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी सोबत कागद आणले आहेत, त्यांनी पहिलं पान उघडून ठेवा. तिथूनच सुरुवात करू.